उत्तरेचा उजेड

मोती निवडायचे ते उत्तरेच्या खिडकीत.
दिव्याखाली नाही, थेट उन्हातही नाही.
कोबेच्या चढावर आमचं ऑफिस,
खाली बंदर, क्रेनांच्या माना,
आणि पांढऱ्या कापडावर हात्सुएबाईंची बोटं:
गुलाबी झाक इकडे, हिरवी तिकडे.
उजेड उतरला की त्या कापड दुमडत.
त्याआधीच घरी आईची ताटं घासून पालथी.
सूर्याबरोबर आमचं दुकानही मिटायचं, तोंडही.

जपानीत मला आलेलं पहिलं वाक्य:
कांदा नको, बटाटा नको, माशाचं पाणी नको.
शाळेत मी डबा उघडायचे, मुगाचं धिरडं.
अयानो विचारायची, बटाट्याला कुठे डोळे असतात?
आईला विचारून मी उत्तर नेलं:
डोळे नाहीत, पण एका अंगात अनंत जीव
दाटीवाटीनं राहतात.
ती म्हणाली, आमच्या इमारतीसारखे.

किटानोच्या गल्लीतल्या देरासरात
पद्मासनात बसलेला तो काहीच देत नाही.
जग त्यानं केलेलं नाही,
नवसाला तो पावत नाही,
वाट चालून गेला आहे, एवढंच.
आई तरी रोज केशर उगाळायची.
इतक्या स्वच्छ शहरात आमच्या नळाला गाळणं.
जग गच्च भरलेलं आहे,
पाय ठेवण्याआधी विचारावं,
मला धर्म कळला तो इतकाच.

कर्म म्हणजे धूळ, बाबा सांगत.
उपमा नाही, खरीच धूळ.
राग आला, हाव सुटली की आत्मा ओलसर होतो,
ती चिकटते. थरावर थर.
मी अकरा वर्षांची. समोर कापडावर मोती.
म्हटलं, म्हणजे असंच?
बाबांनी चिमटा खाली ठेवला.

शिंपल्याच्या पोटात मणी ठेवतात.
तो खुपतो. शिंपला त्यावर थर चढवतो,
एक वर्ष, दोन वर्षं.
मग त्याला उघडतात.
एकदाच उघडता येतं.

बेइंद्रिय. मला पाठ होतं.
शंख, कवडी, शिंपला:
स्पर्श कळतो आणि चव कळते.
दिसत नाही, ऐकू येत नाही.
खुपलेलं कळतं.

श्रावकाला पंधरा धंदे वर्ज्य.
पर्युषणात ती यादी वाचताना
जिवाच्या अंगातून काढलेल्या वस्तूंपाशी
बाबांचा आवाज बारीक व्हायचा
आणि पान जरा लवकर उलटायचं.

संवत्सरीला फोन चालत रात्रीपर्यंत.
पालनपूरला, अँटवर्पला, बँकॉकला,
नऊ वर्षं न बोललेल्या धाकट्या काकांनाही:
मिच्छामि दुक्कडम्.
माझ्या हातून झालेलं वाईट फोल ठरो.
काका पलीकडे बराच वेळ खोकत राहिले.

त्या रात्री मी पाणी मागायला उठले
आणि आठवलं, मागायचं नाही.
बाहेरच्या खोलीत बाबा.
पतंग येतील म्हणून दिवा नाही.
पुढ्यात मोत्यांचं ताट,
हात मात्र त्यांनी ताटाच्या पलीकडे,
रिकाम्या जागेला जोडलेले.
ओठ हलत होते.
सगळे फोन तर करून झाले होते.

सकाळी मुगाच्या पाण्यानं पारणं.
नऊ वाजता खिडकी उघडली.

हात्सुएबाईंना मी हे सांगितलं.
म्हणाल्या, आमच्या गावी खाडीवर
शिंपल्यांसाठी वर्षातून एकदा पुजारी येतो.
मग?
मग दुसऱ्या दिवशी होड्या निघतात.

आता चिमटा माझ्याकडे आहे.
यादीतली ती ओळ मी सावकाश वाचते,
पान उलटतेच.
कुणी गिऱ्हाईक माझ्या गळ्याकडे बघून विचारतं,
तुम्ही स्वतः घालत नाही?
मी खिडकीकडे बघते, कापड दुमडते.
म्हणते, उजेड गेला आजचा.
उद्या या.